ळ-चा वाढदिवस

तक्त्यावर ळ शेवटून तिसरा.
जूनपासून निघालेलो आम्ही,
क-च्या कपाला, ख-च्या खटाऱ्याला मागं टाकत
पोळा ओलांडून, घटाच्या आदल्या आठवड्यात
एकदाचे त्याच्यापाशी पोचलो.
चित्र होतं बाळाचं, गालाला तीट.
समर्थ ढगे उठून उभा राहिला.
"सर, बाळ तर ब-चं हाय.
मंग ळ-चं कोण हाय?"

मी शोधलं. खडू बोटांत तसाच धरून
डोक्यातली सगळी पानं उलटली.
एकही शब्द त्याला दारात उभं करत नाही.
"त्याच्यापासून काहीच सुरू होत नाही," मी म्हणालो.
पहिलीचा वर्ग गप्प झाला की
पत्र्यावर चालणारं कबूतर ऐकू येतं.
ते ऐकू आलं.
मग आरोही राठोड, तांड्यावरची, म्हणाली,
"त्याचा वाढदिवस करू. न्हाईतर रडंल."

मंगळवार ठरला.
वारातही तो आहे, हे त्यांनीच हुडकलं.
हजेरीत सापडला तेव्हा
कांबळे, साळवे आणि वाव्हळे
कॉलर ताठ करून बसले,
आणि शिंद्यांची सानवी रडायला लागली,
तिच्या नावात कुठंच नाही म्हणून.
"अगं, शाळंत हाय की," कुणीतरी तिचं नाक पुसलं,
"तू शाळंतच बसतीस."

पोळ्याच्या बैलांतून उरलेली काळी माती
बादलीत भिजत होती.
तिचा आम्ही ळ केला, वीतभर,
दोन भोकांचा, जरा डावीकडं कललेला,
आणि खिचडीच्या ताटात बसवला.

मंगळवारी आलं ते असं:
तीन केळी. मूठभर डाळ, खिशातून थेट.
जोडीतला एकच टाळ.
काड्यापेटीत हरभऱ्यावरची, नाही,
तुरीवरची अळी, जिवंत
(ती दुपारच्या आत पळाली, अजून सापडली नाही).
दिगांबरनं तर धाकट्या भावालाच कडेवर आणलं.
"बाळ," म्हणाला, आणि टेबलावर ठेवलं.

तहसीनला गूळ सांगितला होता.
पिंजाऱ्याची ती, वेणीत कायम कापसाचे तंतू.
तिच्या घरच्या बोलीत ळ नाही.
केला. थाली. शाला.
जीभ दाताला टेकते आणि तिथंच थांबते,
मागं वळायची वाट तिला कुणी दाखवलेली नाही.
तिनं ओलं फडकं सोडलं.
आत गुलाब. गावठी, पाकळ्या चुरगळलेला.
"गुल आण म्हणले ना सर, तुमी."

हसले सगळे. मोठ्यांदा हसले,
अळीवाला सगळ्यांत जास्त.
डी.एड.ला शिकलो ते सगळं आठवून पाहिलं,
त्यात गुलाब नव्हता.
मी तोंड उघडणार तेवढ्यात समर्थ
ताटावर वाकला, एक डोळा मिटून.
"सर, ह्याला भोकं हायत."
आणि त्यानं तिच्या हातातून फूल घेऊन
देठ ळ-च्या उजव्या भोकात खोवला.
उभा राहिला गुलाब.
जरा डावीकडं कलून.

मग टाळ्या झाल्या. टाळ्यांतही तो.
केळ्याचे सव्वीस तुकडे करता करता
माझी सुरी बोथट झाली.
बाळानं डाळ खाल्ली.

मातीचा ळ दिवाळीआधीच तडकला.
कपाटात आहे, खडूंच्या खोक्याशेजारी,
भोकात वाळकी काडी.

परवा मधल्या सुट्टीत
नळापाशी तहसीन एकटी होती.
ओंजळीतलं पाणी सांडून गेलेलं, तोंड उघडं,
जीभ आत वळवत होती,
कुलपात चुकीची किल्ली फिरवून बघावी तशी.
नल. नल.
नड.
नळ.
मी खिडकीतून बाजूला झालो.

संध्याकाळी फाटकाशी तिची अम्मी आली.
"शाला छूटी क्या?"
तहसीननं तिच्याकडं बघितलं,
मग मागं, आमच्या पाटीकडं.
"हौ," म्हणाली, "छूटी,"
आणि मधला तो शब्द
तिनं अलगद गाळला.